सहाशे साच्यांची वाट

१९५६ साली पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्री. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेला हा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. आपल्या घराघरांत या पुराणाचे नाव आदराने घेतले जाते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या अनेकांना मुखोद्गत आहेत. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. हे पुराण प्रथम छापले गेले ते १६१६ साली, गोव्यातील राशोल येथे, आणि तेही रोमन अक्षरांत. ज्या भाषेची थोरवी कवीने गायिली, त्या भाषेच्या अक्षरांत संपूर्ण पुराण छापून निघण्यास पुढे ३४० वर्षे जावी लागली.

हा विलंब का झाला असावा? कवीची इच्छा नव्हती असे म्हणावे, तर तसा पुरावा उलट दिशेचा आहे. भाषेचे ज्ञान अपुरे होते असे तर कोणीच म्हणणार नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला छापखान्यात शिरावे लागते आणि तेथील चार शब्दांची ओळख करून घ्यावी लागते. आपल्या हातातील हा अंक ज्या अक्षरांनी सजला आहे, त्यांचा इतिहासही त्यातूनच उलगडत जातो. म्हणून या लेखात आम्ही त्या शब्दांचा आणि त्या इतिहासाचा एकत्रच मागोवा घेणार आहोत.

भारतातील पहिले छपाईयंत्र ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरले. ते खरे म्हणजे ॲबिसिनियाकडे निघाले होते. पण गोव्यातच राहिले आणि येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात त्याची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १५५७ साली, संत फ्रान्सिस झेवियर यांची धर्मशिकवण तेथे छापली गेली. फादर स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले, त्यापूर्वीच, १५७८ साली, कोल्लम येथे तमिळ अक्षरांतील धर्मशिकवण छापून झाली होती. शेजारच्या ख्रिस्ती बांधवांना त्यांच्या लिपीत पुस्तक मिळाले. मग आपल्या लोकांना का मिळू नये, ही खंत स्टीफन्सबाबांना लागून राहिली. डिसेंबर १६०८ मध्ये त्यांनी रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहून ती बोलून दाखविली. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तके छापावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, पण त्यासाठी सुमारे सहाशे साचे लागतील आणि रोमन लिपीचे काम मात्र चोवीस साच्यांत भागते, असा त्या पत्राचा आशय आहे.

सहाशे आणि चोवीस! या दोन आकड्यांत आपल्या मुद्रणाचा पुढील साडेतीनशे वर्षांचा इतिहास सामावला आहे.

हा साचा म्हणजे काय, ते पाहू. प्रथम कारागीर पोलादाच्या लहानशा दांड्याच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरून काढी. हा झाला ठसा. हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तेथे अक्षराचा खोलगट, सुलटा आकार उमटे. त्याला मातृका म्हणतात, आणि नाव किती सार्थ आहे पाहा. कारण पुढची सारी अक्षरे तिच्याच पोटी जन्मास येतात. मातृका ओतसाच्यात बसवून तीत वितळलेला धातू ओतला की एक खिळा तयार होतो. या धातूत शिसे अधिक, त्याच्या जोडीला अँटिमनी आणि थोडे कथील असते. नुसते शिसे मऊ, दाबाखाली अक्षर लगेच चेपटते. अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो. खिळ्याच्या माथ्यावरचे अक्षर पुन्हा उलटे असते, म्हणून कागदावर ते सुलटे उमटते. एका मातृकेतून हजारो खिळे ओतता येतात. पण पहिला ठसा मात्र हातानेच कोरावा लागतो. खर्च, वेळ आणि कौशल्य सारे त्या ठशात गुंतलेले असते.

आता स्टीफन्सबाबांचा हिशेब आपणही करून पाहू. आपली चौतीस व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली तर ४०८ आकार झाले. त्यांत स्वर मिळवा, मग क्त, द्ध, ष्ट, श्री, स्त्र अशी जोडाक्षरे मिळवा, आकडे आणि दंड मिळवा. सहाशे हा आकडा अतिशयोक्तीचा नव्हता, हे सहज पटेल. तमिळ लिपीत जोडाक्षरांचा असा पसारा नसल्याने तेथे काम तुलनेने लवकर साधले. आपल्या लिपीचे वैभव तेच तिच्या मुद्रणाच्या आड आले.

तेव्हा पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. त्यासाठी वर्णांची एक पद्धत ठरविण्यात आली. रोमन लिपीत ट, ड, ण, ळ यांना स्वतंत्र चिन्हे नाहीत. म्हणून त, द, न, ल यांसाठी असलेले रोमन अक्षर दोनदा लिहून ती दाखविली जात. रोमन लिपीतील कोंकणीत ही प्रथा आजही दिसते. ही सोय चतुर होती, आणि तिच्यामुळेच पुराण लोकांच्या हाती गेले, हेही मान्य केले पाहिजे. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. धर्मग्रामाच्या शाळेत रोमन अक्षरे शिकलेला गोव्याचा ख्रिस्ती माणूस ते वाचू शके. परंतु घाटावरचा मराठी वाचक त्या पानाकडे पाहून काहीच बोध घेऊ शकत नव्हता. भाषा त्याची, ओवी त्याच्या ज्ञानोबा-एकनाथांची, आणि अक्षर मात्र परके. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषांवर बंदी घालणारे फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. पुराण जगले ते भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांतून. त्यांपैकी देवनागरीत लिहिलेली एक पोथी लंडनमधील मार्सडेन संग्रहात सापडली, हे विशेष होय.

दरम्यान देवनागरी अक्षर कागदावर छापण्याचे प्रयत्न अन्यत्र चालूच होते. १६७८ साली ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतिग्रंथात कोचीच्या तीन कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन छापलेले आढळते. मात्र ते खिळ्यांनी जुळविलेले नव्हते. सारा मजकूर एका पत्र्यावर कोरलेला होता. येथे मुद्रणातील एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा. कोरलेला पत्रा एका पानाचाच असतो; ते पान छापून झाले की पत्र्याचा दुसरा उपयोग नाही. खिळे मात्र सुटे असतात. आज स्तोत्र छापावे, उद्या तेच खिळे सोडून पंचांग जुळवावे. या सुटेपणातच मुद्रणकलेचे सारे सामर्थ्य आहे. नागरीचे असे सुटे खिळे वापरलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक रोम येथे, धर्मप्रसार मंडळाच्या छापखान्यात, १७७१ साली निघाले. कापुचिन संघाचे फादर कासियानो बेलिगाती यांनी लिहिलेला तो नागरी वर्णमालेचा परिचयग्रंथ होता. स्टीफन्सबाबांची विनंती ज्या नगरीत पोहोचली होती, तेथेच सुमारे एकशे साठ वर्षांनी नागरी खिळे पुस्तकात उमटले.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च १७९२ चे. पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅथोलिक सैनिकांसाठी पेशव्यांनीच त्यास जागा दिली. चर्च ज्या भागात उभे आहे, ती पेठ नाना फडणविसांच्या नावाने ओळखली जाते. त्याच नानांच्या मनात त्या सुमारास मुद्रणाचा विचार घोळत होता. इंग्रज वकील मॅलेट याच्यामुळे त्यांना या कलेची गोडी लागली आणि त्यांनी एका तांबटाकडून भगवद्गीतेची अक्षरे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेण्याचा उपक्रम केला, अशी हकिगत आहे. नाना १८०० साली निवर्तले. त्या कारागिराला मिरजेच्या पटवर्धनांनी आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेस गीता छापली गेली. पुण्याच्या तांबटाच्या हाती अक्षर कोरण्याचे कसब होते, हे यावरून सिद्ध होते. मात्र ही गीताही पत्र्याचीच. सुट्या खिळ्यांची नव्हे.

त्याच १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत १८१७ पासून अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मराठी पुस्तके निघू लागली. याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराने कोरलेल्या ठशांनी निर्णयसागरच्या अक्षराला जे सौष्ठव दिले, त्याचा लौकिक देशभर पसरला.

या अक्षरांविषयी बोलताना छापखान्यातील माणसे जे शब्द वापरीत, त्यांतील काही येथे सांगणे उचित होईल. अक्षराच्या विशिष्ट वळणाला, त्याच्या चेहऱ्यालाच म्हणा ना, टंक म्हणतात. एकाच टंकाचे साधे, ठळक, तिरपे असे भाऊबंद असतात. ते सारे मिळून एक कुटुंब. खिळ्याची उंची-जाडी पॉइंटात मोजतात. इंचाचे सुमारे ७२ पॉइंट आणि १२ पॉइंटांचा एक पायका. आपण बारा पॉइंटचे अक्षर म्हणतो, तेव्हा ते माप अक्षराचे नसून ज्या धातूच्या देहावर ते बसले आहे, त्या देहाचे असते. त्यामुळे बारा पॉइंटचे दोन टंक शेजारी ठेवले तर एक मोठा व एक लहान दिसू शकतो. दोन ओळींमध्ये अंतर राखण्यासाठी शिशाच्या पातळ पट्ट्या घालीत; त्यांना लेड म्हणत. संगणकावर ओळींतील अंतराला आजही तेच नाव आहे, जरी त्यात शिशाचा कणही उरलेला नाही.

रोमन अक्षरे पायाच्या रेषेवर उभी राहतात. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. शिवाय आपल्या ओळीला तीन मजले असतात. वरच्या मजल्यावर मात्रा, अनुस्वार आणि रफार; मधल्या मजल्यावर अक्षर; तळमजल्यावर उकार. हे तीन मजले खिळ्यांत कसे बसवावयाचे, हा मराठी मुद्रकांपुढील मोठाच पेच होता. अक्षर आणि मात्रा एकाच खिळ्यावर ओतली तर त्यास अखंड टाइप म्हणत. पान देखणे दिसे, पण खिळ्यांची संख्या भरमसाट वाढे. मात्रा-उकार वेगळे ओतून अक्षराच्या वरखाली बसविले तर त्यास डिग्री टाइप म्हणत. खिळे कमी लागत, पण जुळारी मेटाकुटीस येई. केसच्या शेकडो घरांतून एकेक खिळा उचलायचा, डाव्या हातातील स्टिकमध्ये उलटा लावायचा, ओळ भरली की मोकळ्या खिळ्यांनी ती आवळायची, ओळी गॅलीत मांडायच्या आणि अखेर पानांचा फर्मा बांधायचा. छापून झाले की प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या घरी. यात चूक होण्यास किती वाव! मराठीतील अर्ध्या र चा चंद्रकोरीसारखा खिळा केसमध्ये संपला आणि त्याऐवजी रफार लावला, तर ‘आचाऱ्याला’ बोलाविण्याऐवजी ‘आचार्याला’ बोलाविणे जाई. एका खिळ्यापायी स्वयंपाकघरातले निमंत्रण गुरुजींच्या घरी!

पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाल्यावर हा पेच अधिकच तीव्र झाला. कारण वर्तमानपत्राला सवड नसते. लोकमान्य टिळकांनी या प्रश्नात जातीने लक्ष घातले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०५ साली काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत त्यांनी देशासाठी देवनागरी ही सामाईक लिपी असावी असे प्रतिपादिले, आणि मराठी मजकूर सुमारे १९० खिळ्यांत बसविणारा टंक त्यांच्या प्रयत्नांतून आकारास आला. सहाशेवरून एकशे नव्वद! राशोलला जे अशक्य वाटले होते, ते नारायण पेठेत आटोक्यात येऊ लागले. आपल्या समाजातही याच काळात छापील मराठी शब्दाचे महत्त्व ओळखले जात होते. अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. हेच फादर डोरिंग पुढे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले.

या साऱ्या पार्श्वभूमीवर १९५६ च्या त्या ग्रंथाकडे पाहावे. श्री. बंडेलू यांच्यापुढे आधार होता तो १९०७ साली मंगळूरला जोसेफ सल्डान्हा यांनी काढलेल्या रोमन आवृत्तीचा. सुमारे अकरा हजार ओव्या त्यांनी रोमनमधून नागरीत आणल्या. हे निव्वळ नकलेचे काम नव्हते. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नेहमी स्पष्ट होत नाही. कोणते अक्षर त आणि कोणते ट, हे प्रसंगी अर्थावरून ठरवावे लागते. प्रत्येक शब्दाशी संपादकाला थांबून विचारावे लागले असेल, की स्टीफन्सबाबांच्या ओठांवर हा शब्द कसा होता? आणि मग जुळाऱ्यांनी त्या ओव्या एकेक खिळा उचलून जुळविल्या. ज्या खिळ्यांची वाट कवीने १६०८ मध्ये पाहिली, ते खिळे अखेर त्याच्या शब्दांना भेटले. त्यानंतर १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची देवनागरी आवृत्ती निघाली. आता मराठी वाचकाला पुराण वाचण्यासाठी कोणाची मध्यस्थी लागत नाही.

येथे हा लेख संपवता आला असता. परंतु इतिहासाने या गोष्टीला एक नवे वळण दिले आहे, आणि ते आपल्या धर्मग्रामांच्या कपाटांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

शिशाचे खिळे गेले आणि संगणक आला. या बदलातही पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ साली येथे स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिपींसाठी संगणकाची साधने घडविली. १९९१ साली भारतीय लिपींच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. या पद्धतींचे मर्म साधे आहे. संगणक अक्षराचा आकार जपत नाही, तर अक्षराचा क्रमांक जपतो. त्या क्रमांकाला कोणता चेहरा द्यावयाचा हे टंक ठरवितो. जोडाक्षरे, मात्रा, रफार यांची जुळणी टंकच करतो. जुळाऱ्याचे काम त्याच्या पोटात गेले आहे. र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने आपल्या उतारवयात हे कार्य अंगावर घेतले.

पण १९९० च्या दशकात घरोघरी आणि छापखान्यांत जे मराठी टंक रूढ झाले, त्यांतील बहुतेकांनी वेगळी वाट धरली होती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. पडद्यावर ‘क’ दिसे; यंत्राच्या लेखी मात्र तेथे एखादे रोमन अक्षर असे. त्या काळी ती सोयच होती, आणि तिच्याच बळावर आपली असंख्य नियतकालिके वेळेवर निघाली. परंतु तो विशिष्ट टंक संगणकावरून गेला की सारे पान रोमन अक्षरांच्या निरर्थक गर्दीत रूपांतरित होते. १६१६ मध्ये मराठी शब्द होता आणि त्याचा चेहरा रोमन होता. १९९० नंतर चेहरा मराठी होता आणि पोटात रोमन अक्षर होते. पहिल्या सोयीत निदान शब्द वाचता येत होता. दुसऱ्या सोयीत टंक हरवला की शब्दही हरवतो.

आपल्या धर्मग्रामांच्या रौप्य व सुवर्ण महोत्सवांच्या स्मरणिका, गीतसंग्रह, नाताळच्या नाटकांच्या संहिता, दिवंगत धर्मगुरूंच्या आठवणी असे कितीतरी साहित्य त्या वर्षांत अशा टंकांत लिहिले गेले. छापील प्रत ज्यांनी जपली, त्यांचे जपले गेले. ज्यांनी केवळ संगणकावर विसंबून कागद रद्दीत दिला, त्यांच्या हाती आज कदाचित अगम्य चिन्हांची पाने असतील. हे साहित्य अजून वाचविता येते. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र बदललेला मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहावा लागतो, कारण अर्धा र, रफार आणि जोडाक्षरे यांत हमखास चुका राहतात. म्हणजे पुन्हा मुद्रितशोधन, पुन्हा श्री. बंडेलू यांच्यासारखे प्रत्येक शब्दाशी थांबणे. प्रत्येक धर्मग्रामातील दोन-चार तरुणांनी एका वडीलधाऱ्या वाचकाला शेजारी बसवून हे काम हाती घेतले, तर ते एका उन्हाळ्यात पुष्कळ पुढे जाईल.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती सांगून थांबतो. आपल्या मुलांचे परस्परांना जाणारे मराठी संदेश बहुधा रोमन अक्षरांतच असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा काय किंवा आजीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेचे निमंत्रण काय. त्यांना आम्ही दोष देत नाही. सोय माणसाला ओढून नेतेच. पण स्टीफन्सबाबांनी रोमन अक्षरे स्वीकारली ती दुसरा मार्ग खुला नव्हता म्हणून, आणि स्वीकारण्यापूर्वी रोमला पत्र लिहून आपली खंत नोंदवून ठेवली. त्यांना हवे होते ते सहाशे साचे आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत आहेत, आणि त्यांसाठी कोणाकडे विनंतीअर्ज करावा लागत नाही. या वर्षीचा नाताळचा निरोप तरी आपण त्यांतून पाठवू या.